बाले, दाले, साले : स्पॅनिशमधलं 'चालेल'

प्रश्न असा आला आहे : क्लासमध्ये 'ठीक आहे'साठी 'बाले' शिकवलं, पण आता ज्यांच्याशी रोजचं काम पडतं ते मेक्सिकन सहकारी 'साले' आणि 'ओराले' म्हणतात. मग 'बाले' चुकीचं का? आणि 'साले' ही शिवी तर नव्हे ना?

शिवी नाही, निर्धास्त राहा. 'सालिर' म्हणजे निघणं, बाहेर पडणं. त्याचं तृतीयपुरुषी रूप 'साले'. 'बाले'ही चुकीचं नाही, फक्त ते स्पेनचं आहे. ते 'बालेर', म्हणजे किंमत असणं, या क्रियापदावरून आलं. काही जण त्याचा संबंध लॅटिनमधल्या निरोपाच्या 'वाले'शी जोडतात. 'दोन किहोते' (डॉन क्विक्झोट) या कादंबरीचा दुसरा भाग (१६१५) याच शब्दाने संपतो हे खरं, पण तो शब्द वेगळा. मेक्सिकोत तुमचं 'बाले' सगळ्यांना कळेल, एवढंच की स्पेनचं स्पॅनिश शिकलात हेही कळेल. तिथे 'साले इ बाले' असं यमक जुळवूनही म्हणतात. व्हेनेझुएलात मात्र 'बाले' हे मित्राला हाक मारायला वापरतात, आपल्या 'मित्रा', 'गड्या'सारखं.

यादी पाठ करण्याआधी एक फरक ध्यानात घ्या, कारण गोंधळ तिथेच होतो. आपण 'हो' आणि 'चालेल' वेगळे ठेवतो. 'पाच वाजता भेटू?' याला 'चालेल' म्हणाल. 'आज फार उकडतंय' याला 'चालेल' म्हणालात तर समोरचा चमकून बघेल. 'बाले', 'साले' आणि अर्जेंटिना-उरुग्वेतलं 'दाले' हे सगळे 'चालेल'च्या घरातले. बेत ठरला, विनंती मान्य केली, की हे. समोरच्याचं मत पटलं असेल तर 'सी' (हो) किंवा 'क्लारो' (अर्थातच) म्हणा. ब्यूनोस आयर्समध्ये उकाड्याच्या तक्रारीला 'दाले' म्हणून पाहा, तोच प्रकार होईल. मेक्सिकोतलं 'सिमोन' मात्र 'हो'च्या घरातलं : 'सी'लाच गमतीने नावाचं शेपूट लावलं. त्याचा जोडीदार 'नेल', म्हणजे नाही. दोन्ही मित्रमंडळींत ठीक, साहेबांच्या मेलला उत्तर देताना नको.

'दाले' म्हणजे मुळात 'त्याला दे', पण तो अर्थ कधीच विरला. दोघांना उद्देशून बोलतानाही त्याचं अनेकवचन करत नाहीत. कोलंबियातल्या 'लिस्तो'चंही तसंच. 'मी तयार आहे' म्हणताना बाई 'एस्तोय लिस्ता' म्हणेल, पण होकार देताना तीही 'लिस्तो'च म्हणते. कोलंबिया आणि इक्वाडोरमध्ये 'दे उना'ही ऐकू येतं, त्यात 'लगेच, आढेवेढे न घेता' अशी छटा आहे.

चिलीचं 'या' जरा फसवं. तिथे 'जाऊ या का?' याला 'या' म्हटलं की बेत पक्का. स्पेनमध्ये तेच 'या' बहुधा 'हं, माहितेय' असं असतं, आणि सूर लांबला की 'हो हो, कळलं' असा टोमणाही. 'सी पो' हेही चिलीचंच, पण ते 'हो'च्या घरातलं. त्यातलं 'पो' म्हणजे झिजलेलं 'पुएस' (तर, मग). ते आपल्या 'हो की'मधल्या 'की'च्या जवळ जातं.

राहिलं 'ओराले'. 'आओरा', म्हणजे आत्ता, त्याचं तुटकं रूप 'ओरा' आणि पुढे 'ले'. होकार, 'चला, आटपा' आणि 'अरे बापरे' ही तिन्ही कामं ते करतं. झटकन म्हटलं तर बहुधा होकार. 'ओ' लांबवला तर समोरचा थक्क झालाय. लेखी निरोपात सूर कळत नाही, म्हणून आधीचं वाक्य बघायचं.

तुमच्या कामापुरतं सोपं आहे. मेक्सिकन माणूस वाक्याच्या शेवटी '¿साले?' म्हणाला, तर उत्तर 'साले'. स्पॅनिश माणूस '¿बाले?' म्हणाला तर 'बाले'. ग्राहकाला लिहिताना 'दे आक्वेर्दो', म्हणजे 'मान्य आहे', वापरा, ते कुठल्याही देशात चालतं.