ध्रुवीय मोहिमेतला एकही माणूस परत आला नाही, तर काय घडलं हे शास्त्रज्ञांना कसं कळतं?

ब्रिटिश नौदलाचा अधिकारी जॉन फ्रँकलिन याच्या मोहिमेवरून सांगतो, तिचा तपास अजून चालूच आहे. १८४५ साली 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजं कॅनडाच्या उत्तरेकडचा समुद्रमार्ग शोधायला इंग्लंडहून निघाली आणि १२९ माणसं गेली ती गेलीच. पुढे दगडांच्या ढिगात एक कागद मिळाला: फ्रँकलिन जून १८४७ मध्ये वारला, एप्रिल १८४८ मध्ये उरलेल्या १०५ जणांनी बर्फात अडकलेली जहाजं सोडली. माणसं कशाने मेली, यावर त्यात चकार शब्द नाही.

१९८४ आणि १९८६ मध्ये ओवेन बीटी या कॅनडाच्या मानववंशशास्त्रज्ञाने बीची बेटावरची, मोहिमेत सुरुवातीलाच मेलेल्या खलाशांची थडगी उघडली. जमीन बारमाही गोठलेली, शवपेटीत बर्फाची लादीच. गरम पाणी ओतत ती वितळवावी लागली. आत जॉन टॉरिंग्टन, वय २०, डोळे अर्धवट उघडे. तपासणीत शिसं भरपूर निघालं. मोहिमेच्या अन्नाचे डबे शिशाचा डाख देऊन बंद केलेले, त्यामुळे संशय तिकडेच गेला. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं!

मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे मला रस पुढच्या भागात. शिशाचा नुसता आकडा घेऊन काय करणार? कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, कुठाय? त्या काळी इंग्लंडात पाण्याचे नळसुद्धा शिशाचे. घरी बसलेल्याच्या हाडांतही ते सापडायचंच. म्हणून २०१८ च्या एका अभ्यासात बीची बेटावर सुरुवातीलाच मेलेल्यांची हाडं आणि पुढे किंग विल्यम बेटापर्यंत तग धरलेल्यांची हाडं ताडून पाहिली. डब्यांचा दोष असता तर दुसऱ्या गटात शिसं वाढायला हवं होतं. तसं दिसलं नाही.

बीची बेटावरच पुरलेला दुसरा खलाशी, जॉन हार्टनेल, याच्या नखाने तर कमालच केली. नख सावकाश वाढतं, म्हणजे टोकापासून मुळापर्यंत शेवटच्या महिन्यांची नोंदवहीच. त्यात जस्त फार कमी, आणि शिसं चढलेलं ते अखेरच्या काही आठवड्यांत. अंग झिजायला लागलं की शरीरात साठलेलं शिसं बाहेर पडतं. थोडक्यात, ते आजाराचं कारण नसून बहुधा परिणाम होतं.

पण प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी इन्युइट लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, सांगून टाकलं होतं: ही माणसं उपाशी मेली, शेवटी मेलेल्यांचं मांस खाल्लं. जॉन रे या स्कॉटिश शोधप्रवाशाने १८५४ मध्ये हे लंडनला कळवलं तेव्हा गदारोळ उठला, आणि कादंबरीकार चार्ल्स डिकन्सने तर इन्युइटांवरच अविश्वास दाखवला. १९९० च्या दशकात हाडांवर सुरीचे व्रण सापडले. २०१४ मध्ये 'एरेबस' मिळालं, तेही इन्युइट पिढ्यानपिढ्या सांगत आले त्याच भागात.

असेच व्रण असलेल्या एका जबड्याचा डीएनए २०२४ मध्ये 'एरेबस'चा कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स याच्या घराण्यातल्या हयात माणसाशी जुळला. बहुतेक हाडांना मात्र अजून नाव नाही. जुळवायला नातलगाचा नमुना लागतो, म्हणून संशोधक आजही खलाशांच्या वंशजांना पुढे यायला सांगतात.