ओबोची ध्वनिमुद्रणे ऐकायची असतील तर सुरुवात कोठून करावी, आणि त्यांच्यामागे काही कथा आहेत का?

लांबलचक यादी देण्याऐवजी मी आपल्याला एकच रचना सुचवतो, मात्र ती तीन वेगवेगळ्या वादकांकडून ऐकावी अशी विनंती आहे. ही रचना म्हणजे जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउस यांचा ओबो कंचेर्टो, म्हणजेच ओबो या फुंकून वाजवायच्या पाश्चात्त्य वाद्याच्या एकलवादनासाठी वाद्यवृंदाच्या साथीसह लिहिलेली रचना. तिच्या जन्माची हकिगत आणि तिच्या ध्वनिमुद्रणांची हकिगत एकमेकींत इतकी गुंतलेली आहे की एक सांगताना दुसरी सांगावीच लागते.

१९४५ साली युद्ध संपले तेव्हा श्ट्राउस बव्हेरियातील गार्मिश येथील आपल्या घरी राहत होते आणि त्या भागात अमेरिकी फौजा आल्या होत्या. त्या फौजेतील जॉन डी लॅन्सी हा तरुण सैन्यात भरती होण्यापूर्वी पिट्सबर्गच्या वाद्यवृंदाचा प्रमुख ओबोवादक होता. श्ट्राउस यांच्या वाद्यवृंदरचनांमध्ये, विशेषतः ‘डॉन ह्वान’मध्ये, ओबोला दिलेल्या सुंदर जागा त्याला वाजवून परिचित होत्या. त्यामुळे भेटीगाठींच्या ओघात त्याने धीर करून विचारले की, आपण ओबोसाठी कंचेर्टो लिहिण्याचा कधी विचार केला आहे काय? श्ट्राउस यांनी ‘नाही’ एवढेच उत्तर दिले आणि विषय तेथेच थांबला. परंतु प्रश्न त्यांच्या मनात राहिला असावा, कारण त्याच वर्षी, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांनी हा कंचेर्टो लिहून पूर्ण केला. ही कल्पना एका अमेरिकी सैनिकाने, शिकागोच्या ओबोवादकाने, सुचवली अशी नोंदही त्यांनी हस्तलिखितावर केली. शहराचे नाव तेवढे चुकले.

पहिला प्रयोग फेब्रुवारी १९४६ मध्ये झुरिक येथे मार्सेल सायेत यांनी वाजवला. अमेरिकेतील पहिल्या प्रयोगाचा मान डी लॅन्सी यांना मिळावा अशी श्ट्राउस यांची इच्छा होती. पण तोवर डी लॅन्सी फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात दाखल झाले होते आणि तेथे प्रमुख ओबोवादकाच्या जागी त्यांचे गुरू मार्सेल ताब्युतो बसत होते. प्रमुख वादक हजर असताना त्याच्या हाताखालच्या वादकाने एकलवादक म्हणून पुढे येणे रिवाजात बसत नव्हते, आणि येथे तर प्रमुख वादक प्रत्यक्ष गुरूच होते. अखेर तो मान मिच मिलर यांच्याकडे गेला व १९४८ मध्ये त्यांनी ही रचना अमेरिकेत प्रथम वाजवली. हे तेच मिलर, जे पुढे दूरचित्रवाणीवर प्रेक्षकांना आपल्याबरोबर गायला लावून घरोघरी ओळखीचे झाले.

ध्वनिमुद्रणांकडे वळण्यापूर्वी श्वासाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण या रचनेची खरी परीक्षा तेथेच असते. चेलो या खर्जातल्या तंतुवाद्यांच्या चार स्वरांच्या कुजबुजीनंतर ओबो सुरू होतो आणि तब्बल ५६ बार (बार म्हणजे तालाचे ठरावीक मात्रांचे खंड) त्याला विश्रांतीच नाही. अशा वेळी वादकाला हवा अपुरी पडत असेल असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात अडचण उलटी असते. ओबोच्या तोंडाशी बसवलेल्या दुहेरी पत्तीतील फट इतकी अरुंद असते की छातीत भरलेली हवा पुरती खर्चच होत नाही. ती आतल्या आत शिळी होते, आणि नवा श्वास घेण्यापूर्वी जुना बाहेर टाकावा लागतो. सनईच्या साथीला सूर धरणारा माणूस गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो व सूर तुटू देत नाही, हे आपण लग्नाच्या मांडवात पाहिलेच असेल. तेच तंत्र अनेक ओबोवादक येथे वापरतात.

पहिले ध्वनिमुद्रण लिऑन गूसन्स यांचे, १९४७ सालचे, अल्चेओ गालिएरा यांच्या संचालनाखाली फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह केलेले. ते मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या जमान्यातले असल्याने आवाजात खरखर आहे, परंतु स्वर लाडिक आणि गाता आहे. इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्स यांचा ओबो कंचेर्टोही गूसन्स यांच्यासाठीच लिहिलेला होता. लंडनवर उडते बाँब पडू लागल्यामुळे तेथील ठरलेला प्रयोग रद्द झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये तो लिव्हरपूलला झाला. १९६२ मध्ये मोटार अपघातात गूसन्स यांच्या दातांना व ओठांना गंभीर इजा झाली. ओबोवादकाचे सारे काही ओठांच्या पकडीवर अवलंबून असते, तरीही त्यांनी साठी उलटल्यावर नवी पकड कमावली आणि पुन्हा जाहीर वादन केले.

दुसरे हाइन्झ हॉलिगर यांचे, एडो द वार्ट यांच्या संचालनाखाली न्यू फिलहार्मोनिया वाद्यवृंदासोबतचे. नव्या श्रोत्याने येथूनच आरंभ करावा. ते ५६ बार इतके सहज निघून जातात की अवघड काही घडले याची जाणीवही होत नाही. माझ्या मते हा या मुद्रणाचा गुण आहे आणि थोडासा दोषही. (हॉलिगर आवडले तर त्यांनी मोरिस बूर्ग या दुसऱ्या ओबोवादकाबरोबर वाजवलेल्या, अठराव्या शतकातील संगीतकार झेलेंका यांच्या त्रिसोनाटाही अवश्य ऐकाव्यात.)

तिसरे मुद्रण डी लॅन्सी यांचे स्वतःचे. १९५४ मध्ये ताब्युतो निवृत्त झाले आणि त्यांची जागा डी लॅन्सी यांना मिळाली, परंतु आपणच सुचवलेल्या या रचनेचे मुद्रण त्यांनी केले ते १९८७ मध्ये, मॅक्स विलकॉक्स यांच्या संचालनाखाली, वाद्यवृंदाची नोकरी सोडल्यानंतर, वयाची पासष्टी गाठल्यावर. हॉलिगर यांची चपळाई येथे नाही. स्वर अधिक गडद आणि आटोपशीर आहे, वाक्ये बोलल्यासारखी येतात, आणि मंद गतीचा मधला भाग मला तरी या तिघांत येथेच सर्वांत पटतो. त्याच सीडीवर फ्रेंच संगीतकार झाँ फ्राँसे यांची ‘फुलांचे घड्याळ’ ही १९५९ सालची रचनाही आहे. दिवसाच्या ठरावीक प्रहरी उमलणारी फुले हा तिचा विषय, आणि ती डी लॅन्सी यांनी रीतसर मागणी करून लिहून घेतली होती. या वेळी उत्तर ‘नाही’ असे आले नाही.