रिप्ले असूनही बेसबॉलमध्ये चुकीचा निर्णय का टिकतो?

प्रश्न असा होता: अमेरिकेतलं मेजर लीग बेसबॉल नुकतंच बघायला लागलोय. क्रिकेटच्या डीआरएससारखं चॅलेंज तिथेही आहे. मग टीव्हीवर चूक ढळढळीत दिसत असताना काही निर्णय तसेच का राहतात?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: त्या निर्णयाला रिप्लेने हात लावायचीच परवानगी नसते. अंपायरला नंतर चूक कळलेली असते, समालोचक तोच तुकडा दहा वेळा दाखवत असतात, पण तो निर्णय तपासता येण्याजोग्या निर्णयांच्या यादीतच नसतो. उरलेल्या वेळी यादीत असतो, पण पुरावा पुरेसा नसतो, किंवा मॅनेजरने (टीमच्या मुख्य प्रशिक्षकाने) आपलं चॅलेंज आधीच उधळलेलं असतं.

ही यादी हळूहळू वाढत गेली. 2008 च्या जुलै-ऑगस्टमध्ये भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत डीआरएसची पहिली चाचणी झाली, आणि त्याच वर्षी 28 ऑगस्टपासून मेजर लीगमध्ये रिप्ले सुरू झाला. पण फक्त होम रनच्या सीमेपुरता: चेंडू कुंपणापलीकडे गेला का, फाउल पोलच्या (रेषेच्या टोकाच्या खांबाच्या) आतून गेला की बाहेरून, प्रेक्षकाने मध्ये हात घातला का. तेव्हा अंपायर स्वतःच मैदानाबाहेर जाऊन स्क्रीन बघून यायचे.

त्यामुळे 2 जून 2010 ला डेट्रॉइटमध्ये जे घडलं त्यावर कुणाकडेच उपाय नव्हता. टायगर्सचा पिचर आर्मांडो गालारागा याने सलग 26 बॅटर बाद केले होते. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. साधा ग्राउंडर (जमिनीवरून गेलेला फटका), मिगेल कॅब्रेराने उचलला, फर्स्ट बेसवर धावत आलेल्या गालारागाकडे फेकला. डोनाल्ड चांगलं पाऊलभर मागे होता आणि अंपायर जिम जॉइस यांनी ‘सेफ’ (नाबाद) दिला. परफेक्ट गेम, म्हणजे एकालाही बेसवर पोहोचू न देता सगळे 27 बॅटर बाद करणं, हातचा गेला. पुढच्याच बॅटरला बाद करून सामना 3-0 असा संपला. जॉइस यांनी नंतर रेकॉर्डिंग बघितलं आणि चूक उघडपणे कबूल केली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो तिथल्या पाटीमागे) तेच उभे होते, गालारागा स्वतः लाइनअप कार्ड (खेळणाऱ्यांची यादी) घेऊन त्यांच्याकडे गेला आणि जॉइस यांचे डोळे भरून आले. लीगचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग यांनी मात्र निकाल बदलला नाही. आजच्या नियमात हा निर्णय मिनिट-दीड मिनिटात उलटला असता.

आजची पद्धत 2014 पासूनची, थोडे बदल होत आलेली. प्रत्येक मॅनेजरला सामन्यात एक चॅलेंज, प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) दोन. बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. खेळ थांबल्याबरोबर मॅनेजर डगआउटमधून (टीमच्या बसायच्या जागेतून) हात वर करून अंपायरला थांबवतो. 2023 पासून तिथून पुढे त्याला 15 सेकंद मिळतात. तेवढ्यात टीमच्या व्हिडिओ रूममधला माणूस वेगवेगळे अँगल बघून फोनवर ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ सांगतो. चॅलेंज घेतलं की अंपायरांचा प्रमुख हेडसेट लावतो, पण निर्णय तो देत नाही. न्यूयॉर्कच्या केंद्रात बसलेला, त्याच लीगचा दुसरा अंपायर देतो. चॅलेंज संपलेलं असेल तर आठव्या इनिंगपासून अंपायर स्वतःहूनही तपासणी मागू शकतात, पण त्यांनी मागितलीच पाहिजे असं नाही.

निकाल तीन प्रकारचे असतात. उलटला; पक्का झाला, म्हणजे व्हिडिओत मूळ निर्णय बरोबर दिसला; आणि ‘कायम’, म्हणजे कुठल्याच बाजूची खात्री पटली नाही. क्रिकेट बघणाऱ्यांचा गोंधळ या तिसऱ्यापाशी होतो. डीआरएसमध्ये ‘अंपायर्स कॉल’ आला तर रिव्ह्यू वाचतो. इथे ‘कायम’ आला तर चॅलेंज गेलं. माझ्या मते हे अन्यायाचं आहे: पुरावा अपुरा म्हणून निर्णय टिकतो आणि भुर्दंड शंका घेणाऱ्याला.

आता पुरावा अपुरा पडतो कसा, ते फर्स्ट बेसवरच बघा. प्रश्न साधा दिसतो: आधी पाय बेसला लागला की आधी चेंडू ग्लोव्हमध्ये आला? अंपायर बेसपासून साधारण 15 ते 18 फुटांवर, फेकीच्या दिशेशी काटकोन साधून उभा राहतो. नजर बेसवर, आणि चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा ‘थप’ कानाने टिपायचा. दोन्ही गोष्टी एकदम डोळ्याने बघता येत नाहीत. आवाजाला तेवढं अंतर कापायला सुमारे 15 मिलिसेकंद लागतात. मेजर लीगमधला सरासरी धावपटू पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे 27 फूट पळतो, म्हणजे 15 मिलिसेकंदांत जवळपास 5 इंच. कागदावरच्या हिशेबाने धावपटूला तेवढी सूट मिळते. आणि प्लेऑफमध्ये चाळीस हजार माणसं ओरडत असताना तो ‘थप’ ऐकूच येत नाही.

मग व्हिडिओने सुटायला हवं ना? नेहमीच्या प्रसारणात सेकंदाला 60 फ्रेम असतात. दोन फ्रेमच्या मध्ये हाच धावपटू साडेपाच इंच पुढे सरकतो. एका फ्रेममध्ये बूट बेसच्या वर हवेत, पुढच्या फ्रेममध्ये बेसवर टेकलेला आणि चेंडू ग्लोव्हमध्ये. मधल्या क्षणात आधी काय झालं, त्याचं चित्रच नाही. जास्त वेगाचे कॅमेरे आणि वेळ जुळवलेले अँगल आल्यापासून हे पुष्कळ कमी झालंय, पण दुसरी अडचण उरतेच. चेंडू ग्लोव्हच्या खोबणीत शिरला की बाहेरून दिसत नाही. झेल पूर्ण होण्यासाठी चेंडू घट्ट पकडलेला असावा लागतो, आणि तो नेमका कधी पकडला गेला हे कातड्यापलीकडून कळत नाही. अशा वेळी केंद्रातून ‘कायम’ येतो. निर्णय उलटवायला स्पष्ट आणि खात्री पटवणारा पुरावा लागतो. ‘बहुधा आउट असावा’ एवढ्याने भागत नाही.

याच्या उलटही होतं: व्हिडिओ नको तितकं दाखवतो. धावपटू सेकंड बेसवर घसरत येतो, टॅगच्या, म्हणजे चेंडू धरलेला ग्लोव्ह अंगाला लागण्याच्या, आधी पोहोचतो, सगळ्यांच्या दृष्टीने सेफ. पण घसरण्याच्या जोराने त्याचा पाय बेसवर आदळून क्षणभर इंचभर उचलला जातो. फील्डरने ग्लोव्ह त्याच्या मांडीवर तसाच दाबून धरलेला असतो. स्लो मोशनमध्ये बूट आणि बेस यांच्यामधून उजेड दिसतो, आणि आउट. नियमाने अगदी बरोबर, पण नियम लिहिणाऱ्यांच्या मनात ही इंचभर उसळी होती असं मला वाटत नाही. रिप्ले आल्यापासून फील्डर टॅग लावून ग्लोव्ह उचलत नाहीत, धावपटू पूर्ण थांबेपर्यंत चिकटवून ठेवतात. बघताना चेंडूऐवजी ग्लोव्हकडे लक्ष ठेवलंत तर मॅनेजर चॅलेंज का घेतोय ते आधीच कळेल.

आता यादीबाहेरच्या गोष्टी. खरा संताप इथला आहे. 5 ऑक्टोबर 2012, अटलांटात कार्डिनल्सविरुद्ध वाइल्ड कार्ड सामना, हरलात की घरी. आठव्या इनिंगमध्ये ब्रेव्हज 6-3 ने मागे, एक आउट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू. आंद्रेल्टन सिमन्सचा उंच फटका शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) आणि लेफ्ट फील्डर यांच्यामध्ये पडला. बेस भरले असं वाटत असतानाच लेफ्ट फील्ड लाइनवरचे अंपायर सॅम होलब्रुक यांनी ‘इनफील्ड फ्लाय’ दिलेला दिसला, म्हणजे चेंडू पडला तरी बॅटर आउट. इनफील्डच्या (बेसजवळच्या भागातल्या) खेळाडूने सोपा झेल मुद्दाम सोडून दोन बळी लाटू नयेत म्हणून हा नियम आहे. इथे चेंडू आउटफील्डमध्ये खोलवर पडला होता आणि हात उशिरा वर गेला होता. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या-कचरा फेकला, खेळ 19 मिनिटं थांबला. पण नियमाचा निकष आहे तो ‘साधारण प्रयत्नात’ झेल घेता येईल का, अंतराचा नाही. हे अंपायरचं मत झालं, आणि मत रिप्लेने तपासत नाहीत. आजही इनफील्ड फ्लाय यादीत नाही.

हेच होलब्रुक 2019 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात होम प्लेटमागे होते. नॅशनल्सचा ट्रे टर्नर फर्स्ट बेसकडे पळताना फेकीच्या वाटेत आला म्हणून त्यांनी त्याला आउट दिलं. त्यावेळच्या नियमानुसार शेवटच्या 45 फुटांत धावपटूने फाउल लाइन आणि तिच्या बाहेरची 3 फुटांवरची रेघ यांच्या मधूनच पळायचं. बेस मात्र लाइनच्या आतल्या बाजूला! सरळ बेसकडे पळणारा उजव्या हाताचा बॅटर आपोआप चुकीच्या बाजूला असतो. अंपायर बराच वेळ हेडसेट लावून उभे राहिले, पण तो रिप्ले नव्हताच. अडथळ्याचा तो निर्णय तपासता येत नव्हता. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना पुढे बाहेर काढलं गेलं. नॅशनल्स तरीही 7-2 ने जिंकले, म्हणून हे प्रकरण विझलं. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की इथे दोष अंपायरपेक्षा नियमाचा होता. 2024 पासून ती वाट रुंद करून लाइनच्या आतला, गवतापर्यंतचा मातीचा पट्टाही तिच्यात घेतला.

चेंडू फाउल लाइनच्या आत पडला (फेअर) की बाहेर (फाउल), यातही एक खाच आहे. फर्स्ट किंवा थर्ड बेसचा अंपायर जिथे उभा असतो, तिथे किंवा त्यापलीकडे पहिला टप्पा पडला तरच तपासणी होते. बेसच्या अलीकडे टप्पा पडून बेसवरून गेलेला चेंडू टीव्हीवर कितीही स्पष्ट दिसो, चॅलेंज नाही. याचं कारण ‘फाउल’ म्हटल्याबरोबर खेळ मरतो. फील्डर थांबतात, धावपटू थांबतात, आणि पुढे काय झालं असतं ते कुणीतरी कल्पनेने ठरवावं लागतं. आउटफील्डमध्ये हा अंदाज त्यातल्या त्यात सोपा. 2009 च्या प्लेऑफमध्ये यँकी स्टेडियमवर मिनेसोटाच्या जो मावरचा फटका लेफ्ट फील्डमध्ये रेषेच्या चांगला आत पडला, तरी अंपायरने फाउल दिला. चेंडू उसळून प्रेक्षकांत गेला होता, म्हणजे मावरला सरळ दोन बेस द्यायचे, वाद नाही. आज तो बदलला असता. इनफील्डमध्ये तसं सोपं गणित नसतं. ‘फाउल’ चुकून दिला तर खेळ परत जिवंत करता येत नाही, ‘फेअर’ दिला तर नंतर पुसता येतो.

बॉल आणि स्ट्राइक (न मारलेला चेंडू प्लेटवरच्या ठरावीक चौकटीबाहेरून गेला की आतून; ती चौकट म्हणजे झोन) इतकी वर्षं पूर्ण बाहेर होते, ते आता अर्धवट आत आलेत. 2023 मध्ये ट्रिपल-ए लीगमध्ये (मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर) आणि 2025 च्या सराव सामन्यांत तपासून पाहिल्यावर 2026 च्या हंगामासाठी एबीएस (स्वयंचलित बॉल-स्ट्राइक यंत्रणा) चॅलेंज मंजूर झालं. प्रत्येक टीमला दोन. मागायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने, तेही लगेच, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थापटून. डगआउटमधून इशारा चालत नाही. मोजणी हॉक-आयची, म्हणजे क्रिकेटमधलंच तंत्र, पण काम वेगळं. क्रिकेटमध्ये चेंडू पॅडवर अडतो आणि पुढचा मार्ग अंदाजाने काढावा लागतो. ‘अंपायर्स कॉल’ची सोय त्या अनिश्चिततेपोटी आहे. इथे चेंडू प्लेटवरून प्रत्यक्ष गेलेला असतो, त्यामुळे अंदाज नाही आणि सवलतही नाही. केसभर लागला तरी स्ट्राइक.

झोन मात्र नियमपुस्तकातला राहिलेला नाही. पुस्तकात तो खांदा, पँटची वरची कड आणि गुडघा यांवरून ठरणारा, प्लेटएवढा खोल ठोकळा आहे. एबीएसमध्ये तो प्लेटच्या मधोमध उभा केलेला सपाट आयत: रुंदी 17 इंच, वरची कड बॅटरच्या उंचीच्या 53.5 टक्क्यांवर, खालची 27 टक्क्यांवर. सहा फुटी बॅटरला हे जमिनीपासून सुमारे 19.4 ते 38.5 इंच येतं; 6 फूट 7 इंचांच्या ॲरन जजला 21.3 ते 42.3. वाकून उभं राहून झोन लहान करायची युक्ती त्यामुळे संपली. आणि प्लेटच्या पुढच्या कोपऱ्याला चाटून बाहेर वळणारा कर्व्ह, जो पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक आहे, तो मधल्या आयताला चुकला तर एबीएसमध्ये बॉल ठरतो. पिचर याबद्दल कुरकुरतात ते बरोबरच आहे. कॅचरने ग्लोव्ह हळूच आत ओढून बॉलचा स्ट्राइक करून घ्यायची कला मात्र पूर्ण मरत नाही, कारण दोन चॅलेंज चुकली की बाकी सगळं पुन्हा अंपायरच्याच हातात.

जाता जाता: टीमच्या ज्या व्हिडिओ रूम चॅलेंजसाठी दिल्या, तिथूनच कॅचर पिचरला करतो त्या खुणा चोरायचे उद्योगही झाले. ह्यूस्टन ॲस्ट्रोजना त्या प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये 50 लाख डॉलर दंड झाला, आणि त्या खोल्यांवर पहारा आला.

यादीबाहेर राहिलेली सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे चेक स्विंग: बॅटर बॅट फिरवायला घेतो आणि मध्येच आवरतो. 2021 मध्ये जायंट्स आणि डॉजर्स यांच्या पाचव्या, निर्णायक सामन्याचा शेवट त्यावरच झाला. जायंट्स एका धावेने मागे, नववी इनिंग, दोन आउट, समोर मॅक्स शेर्झर. विल्मर फ्लोरेसने बॅट आवरली असं बहुतेकांना दिसलं. फर्स्ट बेसच्या अंपायरने स्ट्राइक दिला आणि हंगाम संपला. चॅलेंज देऊनही फार उपयोग झाला नसता, कारण बॅट नेमकी कुठवर आली म्हणजे ‘स्विंग’ धरायचा हे नियमपुस्तकात लिहिलेलंच नाही. मायनर लीगमध्ये बॅटचा कोन मोजून चॅलेंज देण्याचे प्रयोग झालेत. मेजर लीगमध्ये अजून कॅचरने किंवा प्लेट अंपायरने बेसवरच्या अंपायरकडे बोट दाखवायचं आणि तो मूठ वळतो (स्विंग झाला) की हात आडवे पसरतो (नाही झाला) ते बघायचं.