मधुमेहात तळपायाची जखम महिनोन्‌महिने का भरत नाही?

वडिलांची जखम दोन महिने ओलीच आहे, असं तुम्ही लिहिलंय. सूज ही खरं तर दुरुस्तीची पहिली पायरी. साध्या जखमेत ती काही दिवसांत ओसरते. मधुमेहात मात्र पांढऱ्या पेशी तिथेच ठाण मांडतात आणि त्यांच्यातून सुटणारी प्रोटीएज नावाची, प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) नुकतंच विणलेलं कोलॅजेनही, म्हणजे जखम सांधणारं प्रथिनही, कुरतडत राहतात. त्यात जंतूंचा बुळबुळीत थर, म्हणजे बायोफिल्म, ही सूज धुमसत ठेवतो. म्हणून नुसत्या मलमाने भागत नाही. मेलेली कातडी डॉक्टरांकडून काढून घ्या, साखर आटोक्यात ठेवा. आणि त्या पायावर भार अजिबात नको! तळवा बधिर असल्याने दुखत नाही, म्हणून माणसं चालत राहतात. मला काळजी त्याचीच वाटते. बोट काळं पडलं, घाण वास आला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.