घसा, स्ट्रेप्टोकोकस आणि एएसओचा कागद

प्रश्न : माझे वय 37 वर्षे असून मी राजारामपुरीत राहते आणि महाद्वार रोडवरील एका कापड दुकानात हिशेबाचे काम पाहते. गेल्या गणपतीपासून माझा घसा पाच वेळा धरला. दर वेळी ताप, गिळताना दुखणे आणि तीन दिवसांच्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या, असाच क्रम झाला. शेवटच्या वेळी रक्त तपासले असता एएसओ 400 आला. हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे, असे मला सांगण्यात आले आहे. पहिलीतल्या मुलाचाही घसा अधूनमधून दुखतो. मी काय करावे?

उत्तर : आपण पाच आजारपणे सविस्तर लिहिली आहेत, परंतु त्यांपैकी एकदाही घशाचा स्वॅब घेतल्याचा उल्लेख पत्रात नाही. त्यामुळे पाचही वेळा कारण स्ट्रेप्टोकोकस हा जीवाणूच होता, असे आज कोणालाही सांगता येणार नाही. घसा दुखतो म्हणून दवाखान्यात येणाऱ्या 100 प्रौढांपैकी साधारण 5 ते 15 जणांनाच ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग असतो. लहान मुलांत हे प्रमाण बरेच जास्त असते, तर मोठ्यांमधले बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात आणि आठवड्याभरात आपोआप बरे होतात. गोळ्या घेतल्यावर तिसऱ्या दिवशी बरे वाटले, तर ते गोळ्यांमुळे की दिवसांमुळे, हे अशा वेळी ठरवता येत नाही.

नुसता घसा पाहून निदान करणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. ताप असणे, खोकला नसणे, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी सुजून दुखणे आणि टॉन्सिलवर पांढरट थर दिसणे, ही चार लक्षणे मोजण्याची पद्धत 1981 पासून वापरात आहे. मात्र चारही लक्षणे असली तरी स्ट्रेप्टोकोकस सापडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच असते. सर्दी, खोकला आणि बसलेला आवाज सोबत असेल, तर संशय विषाणूकडेच जातो. म्हणून पुढच्या वेळी पहिली गोळी घेण्यापूर्वी स्वॅब द्यावा. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अहवाल एक-दोन दिवसांत मिळतो आणि तेवढ्या विलंबाने उपचारांचे काही बिघडत नाही, कारण संधिवाताच्या तापापासून (स्ट्रेप्टोकोकसच्या घशानंतर काहींना येणारा, सांधे सुजवणारा आणि हृदयाच्या झडपांना इजा करू शकणारा ताप) होणारा बचाव आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केले तरी साधतो.

आता एएसओ. या एका कागदाने आपल्याकडे जितकी माणसे घाबरवली आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या तपासणीने घाबरवली असतील. स्ट्रेप्टोकोकसने सोडलेल्या एका विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये या तपासणीत मोजली जातात. संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी ती सर्वाधिक असतात आणि पुढे कित्येक महिने रेंगाळतात. म्हणजे 400 हा आकडा एवढेच सांगतो की, मागे केव्हातरी या जंतूशी आपली गाठ पडली होती. आज घशात काय आहे हे त्यावरून कळत नाही आणि हृदयाला काही झाले आहे असेही त्यातून सिद्ध होत नाही. आकडा खाली आणण्यासाठी औषध देणे हा उपचार नव्हे.

संधिवाताच्या तापाचा पहिला झटका बहुधा 5 ते 15 या वयात येतो. पस्तिशीनंतर तो विरळाच. दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिन ज्यांना हा ताप येऊन गेला आहे किंवा त्यामुळे ज्यांच्या झडपांना इजा झाली आहे, त्यांच्यासाठी असते आणि त्यांच्यासाठी ते खरोखर मोलाचे असते. अशा रुग्णांनी हे उत्तर वाचून इंजेक्शन मुळीच थांबवू नये. आपल्याला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे आईला विचारावे. तसे घडले असेल किंवा धाप लागत असेल, तर हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. तसे काहीच नसेल, तर केवळ एएसओवरून ही इंजेक्शने घेण्याचे कारण मला दिसत नाही.

स्वॅबमध्ये स्ट्रेप्टोकोकस सापडलाच, तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस घ्यावे. पेनिसिलिन वापरात येऊन ऐंशी वर्षे झाली, तरी त्याला न जुमानणारा ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकोकस अजून रुग्णांत आढळलेला नाही. जंतूंच्या दुनियेत हे नवलच आहे. अझिथ्रोमायसिनची गोष्ट उलटी आहे. त्याला दाद न देणारे जंतू ठिकठिकाणी आढळतात, त्यामुळे ते पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असणाऱ्यांसाठी राखून ठेवणेच बरे. तीन दिवसांचे पाकीट सोयीचे असते, हे मान्य. पण स्ट्रेप्टोकोकसच्या घशासाठी तेही सहसा पाच दिवस देतात.

दहा दिवसांच्या औषधानंतरही स्वॅबमध्ये पुन्हा पुन्हा जंतू सापडू लागले, तर आणखी एक शक्यता ध्यानात घ्यावी. काही लोकांच्या घशात हा जंतू निरुपद्रवीपणे वस्तीला राहतो. अशा माणसाला साधी सर्दी झाली तरी स्वॅब पॉझिटिव्ह येतो आणि दोष निष्कारण स्ट्रेप्टोकोकसवर जातो. ठणठणीत असताना घेतलेला स्वॅबही पॉझिटिव्ह आला, तर हे कोडे सुटते. अशा वाहकाला स्वतःला धोका फारसा नसतो आणि त्याच्याकडून इतरांना लागण होण्याची शक्यताही कमी असते, म्हणून बहुधा औषध द्यावे लागत नाही. मुलाला लक्षणे असतील तेव्हा त्याचा स्वॅब जरूर घ्यावा, कारण शाळकरी मुलांकडूनच हा आजार घरात येतो. ज्यांना काही होत नाही अशा घरच्यांना रांगेत उभे करण्याची मात्र गरज नाही.

टॉन्सिल काढण्याचा विचार सहसा वर्षात सात, सलग दोन वर्षे पाच-पाच किंवा सलग तीन वर्षे तीन-तीन वेळा नोंदवलेला त्रास झाल्यावर करतात. हे आकडे मुलांच्या अभ्यासांतून आलेले असल्यामुळे प्रौढांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे. दरम्यान आम्लपित्त, ॲलर्जी आणि कापडाची धूळ यांचाही तपास करावा आणि रक्तातील साखर पाहून घ्यावी. घसा धरला की पांढरा रस्सा प्यावा, या कोल्हापुरी सल्ल्याला माझा विरोध नाही, कारण गरम पातळ पदार्थाने आराम पडतो. तांबडा मात्र आठवडाभर दूर ठेवावा. एकाच बाजूला असह्य दुखणे, तोंड न उघडणे, लाळही न गिळता येणे किंवा श्वासाला त्रास होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील 58 वर्षांचा ऊस उत्पादक आहे. दोन वर्षांत तीनदा हुडहुडी भरून ताप आला आणि उजवा पाय लाल होऊन सुजला. हादेखील स्ट्रेप्टोकोकसच, असे डॉक्टर म्हणतात. तो पुन्हा त्याच पायाला का होतो?

उत्तर : जुनी माणसे ज्याला धावरे म्हणत, त्याच जातीचा हा त्वचेचा आजार आहे आणि तो बहुतेकदा स्ट्रेप्टोकोकसमुळेच होतो. जंतूला आत शिरायला वाट लागते आणि ती बहुधा पायाच्या बोटांच्या बेचक्यांतच सापडते. पावसाळ्यात चिखलात राबणाऱ्यांना होणाऱ्या चिखल्या, टाचांच्या भेगा आणि उसाच्या पाल्याने कापलेली त्वचा, हे सगळे त्याला उघडे दार आहे. शिवाय प्रत्येक झटक्यात पायातील लसिकावाहिन्या (साठलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) थोड्या खराब होतात, सूज मागे राहते आणि सुजलेला पाय पुढच्या झटक्याला सोपा ठरतो.

म्हणून चिखल्यांवर बुरशीनाशक मलम पूर्ण मुदतीपर्यंत लावावे, बेचके कोरडे ठेवावेत आणि पाटाच्या पाण्यात उतरताना गमबूट वापरावेत. सूज कायम राहत असेल, तर पायाची रक्ताभिसरण तपासणी करून डॉक्टरांनी सुचवलेले दाबाचे मोजे घालावेत. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत अशा मोज्यांमुळे पुन्हा आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आले. एवढे करूनही झटके येत राहिले, तर कमी मात्रेत वर्षभर पेनिसिलिन घेण्याचा पर्याय आहे. मात्र औषध थांबले की त्याचे संरक्षणही ओसरते, त्यामुळे चिखल्यांचा उपचार तेव्हाही सोडता येत नाही. लाली तासागणिक वर चढू लागली, त्वचा जांभळी पडली किंवा दिसते त्याहून कितीतरी जास्त दुखू लागले, तर त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.