नववं सर्टिफिकेट नको, आधी मनगट दाखवा

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्क बरे आहेत. वेब डेव्हलपर व्हायचं म्हणते, म्हणून वर्षभरात तिच्याकडून ८ ऑनलाइन कोर्स करून घेतले. कॉलेजनंतर रोज ६ तास लॅपटॉप. पोहणं, मैत्रिणी सध्या बंद. हल्ली मनगट दुखतं, रात्री बोटांना मुंग्या येतात असं सांगून टाळाटाळ करते. रिअ‍ॅक्ट झालं, आता अँग्युलर करावं की व्ह्यू? – एक वडील

उत्तर : दोन्ही नको. तुमच्या पत्रात मला खटकला तो 'टाळाटाळ' हा शब्द. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दाबली जात असू शकते. याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. नुसत्या लॅपटॉपवर तासन्‌तास काम करण्यात मुळातच खोट आहे : स्क्रीन डोळ्यांसमोर आणली की कीबोर्ड फार वर जातो, कीबोर्ड खाली ठेवला की मान वाकते. म्हणून लॅपटॉप स्टँडवर (जाड पुस्तकांची थप्पीही चालते), कीबोर्ड आणि माउस वेगळे, कोपर काटकोनात, मनगट सरळ. दर अर्ध्या तासाने उठायचं. आणि डॉक्टर हो म्हणाले की पोहणं सुरू. दोन तास डोकं खाऊनही न सापडलेली चूक पाय मोकळे करून आल्यावर चटकन दिसते, हे या कामातलं कुणीही सांगेल.

आता तुमचा गैरसमज. फ्रेमवर्क (वेबसाइट बांधायचे तयार सांगाडे) म्हणजे इयत्ता नव्हेत, की एक पास झाली की पुढची. रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, व्ह्यू साधारण एकच काम वेगवेगळ्या पद्धतीने करतात. एक नीट आलं की दुसरं नोकरीत गरज पडल्यावर शिकता येतं. अँग्युलरचं जुनं रूप, अँग्युलरजेएस, २०१० मध्ये आलं, २०१६ मध्ये अँग्युलर नव्याने लिहिलं गेलं, आणि जुन्याचा सपोर्ट २०२२ च्या जानेवारीत संपला. एचटीएमएलचा (वेबपान लिहायची मूळ भाषा) साधा फॉर्म मात्र १९९५ मध्ये चालत होता, आजही चालतो. 'सबमिट दाबल्यावर ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत काय घडतं?' हे तिला विचारा. अडखळली तर ८ सर्टिफिकेटांचा हिशेब तुम्हीच करा.

पदवी पूर्ण होऊ द्या. पुढच्या प्रवेश परीक्षांचं शेवटच्या वर्षी बघू. तोवर एकच छोटी साइट : लॉगिन, एक फॉर्म, डेटाबेस, आणि ती खरोखर लाइव्ह. खरं शिक्षण तिथे आहे. स्वतःच्या मशीनवर दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब होतो, कारण फाइलच्या नावातलं 'जेपीजी' कॅपिटलमध्ये आहे, कोडमध्ये स्मॉल, आणि सर्व्हरवरच्या लिनक्स या सिस्टिमला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. एपीआय की (दुसऱ्याची सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात, जाते. नंतर फाइल डिलीट करून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये (आधी जपलेल्या नोंदीत) ती राहतेच, ती किल्लीच रद्द करून नवी घ्यावी लागते. बटणाच्या जागी नुसता डिव्ह (एचटीएमएलचा साधा चौकोन) टाकला की माउसने चालतं, पण माउसऐवजी कीबोर्डवरचं टॅब दाबत येणारा माणूस तिथे पोहोचतच नाही. यातली एक चूक स्वतः शोधली की आख्खा कोर्स वसूल!

रोज २ तास पुरेत, तेही मनगट बरं झाल्यावर. साइट कशाची, हे तिला ठरवू द्या. पहिले काही दिवस ती बहुधा काहीच करणार नाही. त्या दिवसांत दारात उभं राहून 'किती झालं?' विचारू नका.