प्रत्येक पंप बरोबर चालतोय, तरी डीपीवरचा डीओ फ्यूज उडतो : आधी हे मॉडेल कर

भाऊ, तुझा प्रश्न असा की पाच विहिरींवरचे पंप कंट्रोलर आपले आपण चालू-बंद होतील, एक बंद पडला तर दुसरा त्याचं काम घेईल, अशी सिस्टीम प्रोजेक्टला करायचीये आणि तिचं स्पेसिफिकेशन, म्हणजे ती कशी वागावी याचं नेमकं वर्णन, यूएमएल या आकृत्यांच्या भाषेत लिहू, एएसएसएल या स्वतःला सांभाळणाऱ्या सिस्टीमसाठीच्या भाषेत, की टीएलए प्लस या गणिती भाषेत. भाषेचं सांगतो, पण आधी आपल्या डीपीकडे, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरकडे बघ.

रावेर-यावलकडे केळीच्या पट्ट्यात रात्री थ्री फेज लाईट आली की काय होतं? ज्याच्या त्याच्या स्टार्टरला ऑटो लावलेला, सगळे पंप एकदमच उचलतात, मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज पडतं न् डीओ उडतो. आमच्या डीपीवर दोन उन्हाळे हेच चाललं होतं. आता एकेका ऑटोचं स्टेट डायग्राम, म्हणजे तो कुठल्या स्थितीतून कुठल्या स्थितीत जातो त्याचं चित्र काढ, एकही चुकीचं निघणार नाही. लाईट आली की पंप चालू कर, एवढंच त्याला सांगितलंय, ते तो करतो. चूक सगळे मिळून वागतात त्यात आहे आणि तुझ्या यूएमएलच्या चित्रात एकच कंट्रोलर आहे, शेजारचा पंपही नाही न् डीपीही नाही.

म्हणून माझं मत टीएलए प्लस, लेस्ली लॅम्पोर्टची. अॅमेझॉनचे इंजिनिअर २०११ पासून ती एस-थ्री, डायनॅमोडीबीसारख्या डेटा साठवणाऱ्या सिस्टीमवर वापरताहेत. तू पाच नको, तीनच पंप घे, लाईट कधीही येते-जाते, मेसेज हरवतो, आणि डीपीला वेगळं व्हेरिएबल दे. मग दोन गोष्टी लिही. एक, एकाच वेळी दोन मोटरी कधीच सुरू होत नाहीत. दुसरी, ज्या प्लॉटला पाणी हवंय त्याला कधी ना कधी मिळतंच. नुसती पहिली लिहिलीस तर एकही पंप न चालवणारी सिस्टीमसुद्धा पास होईल, हे लई जण विसरतात! दुसरीसाठी लाईट पुन्हा पुन्हा येत राहील आणि पुरेशी टिकेल हे गृहीतक मात्र स्पष्ट लिहावं लागेल. यातलं काही कुठं मोडलं तर टीएलसी, म्हणजे टीएलए प्लसचं मॉडेल तपासणारा प्रोग्रॅम, ते स्टेप बाय स्टेप दाखवतो.

एएसएसएल एमिल वासेव्हची, नासाच्या अँट्स या छोट्या यानांच्या थव्याच्या कल्पनेवर तिनं मॉडेल केलेलं आहे. तिच्यात अख्खी सिस्टीम, आपसातला प्रोटोकॉल आणि एकेक घटक असे तीन थर वेगळे लिहितात, ती मांडणी रिपोर्टमध्ये घे. आणि चालत्या सिस्टीमला परिस्थितीप्रमाणे बदलवणाऱ्या रेनबो फ्रेमवर्कची स्टिच भाषा एका गोष्टीसाठी वाच, तिच्यात एखादी कृती केल्यावर परिणाम दिसायला किती थांबायचं ते लिहिता येतं. तुला नेमकं तेच लागणार, एक मोटर उचलली की व्होल्टेज सावरेपर्यंत दुसरीनं थांबायचं.

तीन पंपांचं मॉडेल चालवून टीएलसीनं पहिला ट्रेस, म्हणजे चुकीपर्यंतच्या स्टेप्स, काय दिला तो इथं टाक, मग वेळेचं गणित बघू.